मोजपट्टी पोचली, निष्कर्ष वाटेत राहिला

बाबांची फाइल परवा रिकामी करायला घेतली. रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, बेडसोरच्या मलमाची चिठ्ठी, आणि सगळ्यांच्या तळाशी एका प्रश्नावलीची झेरॉक्स. २२ प्रश्न. प्रत्येकापुढे ० ते ४ असे आकडे. ० म्हणजे कधीच नाही, ४ म्हणजे जवळजवळ नेहमीच. पैकीच्या पैकी मिळाले तर ८८. (पैकीच्या पैकी मिळवणारं माणूस हातात पेन धरायच्या अवस्थेत असेल का, त्यावर येतेच आहे.)

घरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं करणाऱ्यांवर पीएचडी करणारी एक मुलगी आली होती, तिचा हा फॉर्म. "ताई, वीस मिनिटं लागतील फक्त," म्हणाली. त्याआधी दोनदा तिला मी फोनवरच 'आज नको' म्हटलं होतं. पहिल्यांदा, कारण आदल्या रात्री बाबा अडीच वाजता दाराची कडी काढून उभे होते. ऑफिसला उशीर होतोय म्हणून माझ्यावर चिडले होते, आणि निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. दुसऱ्यांदा, कारण दिवसपाळीच्या मावशी न सांगता आल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा बाबा शांत झोपले होते, मी आंघोळ केलेली होती, केस विंचरलेले होते. म्हटलं, ये.

म्हणजे माझं ओझं मोजलं गेलं ते त्या महिन्यातल्या सगळ्यात हलक्या दुपारी.

शेवटचा प्रश्न साधारण असा, की एकंदरीत तुम्हाला किती ओझं वाटतं. मी २ ला गोल केला आणि शेजारी पेन्सिलने 'आज' असं लिहिलं. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ताई, बाजूला नका ना लिहू, एंट्री करताना घोळ होतो." मी खोडलं. झेरॉक्सवर त्याची पुसट खूण दिसते अजून.

बाबा गेल्यावर रात्रीची झोप काही परत आली नाही, तेव्हा या फॉर्मच्या मागे लागले. स्टीव्हन झारिट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, १९८० साली. मूळ फॉर्म २९ प्रश्नांचा, आणि पहिल्या अभ्यासात माणसंही २९च. पुढे प्रश्न कमी होऊन २२ झाले, जगभरच्या भाषांत भाषांतरं झाली, आणि घरी आजाऱ्याचं करणाऱ्यावर किती ताण येतो हे मोजायचं म्हटलं की आजही आधी याच फॉर्मचं नाव निघतं.

पण त्या १९८०च्या पहिल्या निबंधात निघालं काय होतं? मला वाटलं, आजार जितका वाढलेला तितकं ओझं जास्त, हे काय सांगायला हवं? तसं निघालंच नव्हतं. आजाऱ्याचं विसरणं, विचित्र वागणं किती आहे याचा करणाऱ्याच्या ओझ्याशी त्यांना संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दुसऱ्याच गोष्टीशी. घरातली बाकीची माणसं आजाऱ्याला किती वेळा भेटायला येतात? जिथे येणं-जाणं जास्त, तिथे ओझं कमी.

हे मी दोनदा वाचलं आणि मग फोन बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले.

कारण आमचा दादा. तो दुसऱ्या गावी, महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून तासभर बसायचा आणि निघताना अपराध्यासारखा म्हणायचा, "मी येऊन काय उपयोग, मला डायपरसुद्धा धड बदलता येत नाही." आणि मी? मी त्याला म्हणायचे, "नको येत जाऊस मग. तू आलास की उलट तुझंच बघावं लागतं." शेवटच्या वर्षात तो खरंच कमी यायला लागला. मी माझ्या हाताने एक माणूस कमी केला आणि वर 'मला कुणी मदत करत नाही' असं फॉर्मवर ३ ला गोल करून सांगितलं.

एवढं एक वाक्य, की त्याला येऊ द्या, नुसता बसला तरी चालेल, माझ्या समोर बसलेल्या त्या मुलीला बहुतेक पाठ असणार. निदान तिच्या गाइडला तरी. संदर्भसूचीत तो १९८०चा निबंध पहिल्या पानावर असणार याची मला खात्री आहे. पण ती सांगायला आलेली नव्हती, विचारायला आलेली होती. माझी तक्रार एवढीच आहे. मोजपट्टी घरोघरी पोचली, निष्कर्ष मात्र जर्नलच्या कपाटात राहिला.

आणि हे एकदाच झालेलं नाही. १९९६ साली न्यूयॉर्कच्या मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०६ जणांवरचा अभ्यास छापला. अल्झायमर झालेल्या नवऱ्याचं किंवा बायकोचं घरी करणारी ही माणसं. त्यातल्या निम्म्यांना काय दिलं? कुठलं औषध नाही, यंत्र नाही. समुपदेशकाबरोबर सहा बैठका: दोन करणाऱ्या माणसाच्या एकट्याच्या, आणि चार त्याच्या नातेवाइकांना समोर बसवून. त्यानंतर सारखंच दुःख असलेल्यांचा गट, आणि गरज पडेल तेव्हा फोन करायची मुभा. बस्स. या घरांमधले रुग्ण बाकीच्यांच्या तुलनेत जवळजवळ एक वर्ष, नेमकं सांगायचं तर ३२९ दिवस, उशिरा शुश्रूषागृहात, म्हणजे कायमची देखभाल करणाऱ्या संस्थेत, गेले.

सहापैकी चार बैठका नातेवाइकांना घेऊन, हे लक्षात घ्या. आपण सगळे 'केअरगिव्हरने स्वतःची काळजी घ्यावी' असं म्हणतो तेव्हा जणू त्या एकट्या बाईने सकाळी उठून दहा मिनिटं प्राणायाम केला की प्रश्न मिटेल. मला किमान अकरा जणांनी प्राणायाम सुचवला. त्यातल्या एकानेही 'शनिवारी दुपारी मी बाबांपाशी बसतो, तू झोप' असं म्हटलं नाही. मी मागितलंही नाही, हेही खरं.

संशोधनाने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाहीये. उलट माझ्या अंगावर जे येत होतं त्याला शब्द तिथूनच मिळाले. १९९५च्या एका अमेरिकन अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या दुसऱ्या १३. सगळ्यांच्या हाताला साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली आणि ती कधी भरते ते पाहत राहिले. दुसऱ्या बायकांची सरासरी ३९.३ दिवसांत भरली, करणाऱ्या बायकांची ४८.७ दिवसांत. नऊ दिवसांचा फरक. बाबांच्या पलंगाच्या कडेला आपटून माझी नडगी सोलली होती, ती खपली महिना झाला तरी जाईना, तेव्हा डॉक्टर शुगर तपासून घ्या म्हणाले. शुगर नॉर्मल होती. आता त्या एका खपलीवरून मी शास्त्र सांगत बसणार नाही, पण तो अभ्यास वाचताना माझा हात आपोआप नडगीवर गेला.

मग १९९९चा अभ्यास, शुल्झ आणि बीच यांचा. जोडीदाराचं करणारी वयस्क माणसं, चार वर्षं पाठपुरावा. ज्यांना या करण्याचा ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका, न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त. हा आकडा तुम्ही व्हॉट्सअॅपवर कुठेतरी वाचला असेल, बहुधा 'सेवा करणारे लवकर मरतात' अशा मथळ्याखाली. त्याच अभ्यासातला दुसरा अर्धा भाग फॉरवर्ड होत नाही: करत होते पण ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा धोका वाढलेला दिसला नव्हता. आणि २०१३ साली तर उलटंच आलं. अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासातले घरी कुणाचं तरी करणारे ३,५०३ लोक, आणि वय, तब्येत वगैरे जुळवून निवडलेले न करणारे तितकेच. सहा वर्षांत करणाऱ्यांमधला मृत्युदर १८ टक्क्यांनी कमी!

मग खरं कुठलं? माझ्या मते दोन्ही. पहिल्यातला तो मोठा आकडा ताणाखाली असलेल्या म्हाताऱ्या जोडीदारांचा आहे. दुसऱ्यात आठवड्यातून दोनदा मावशीला डॉक्टरांकडे नेऊन आणणारी भाचीसुद्धा 'करणारी' म्हणून मोजली गेली. करणं मारत नाही. एकट्यानं, सुटका नसताना करणं मारतं. बाबांना माझं नाव आठवत नव्हतं त्या काळात एकदा मी त्यांची नखं कापत होते. डाव्या हाताची झाली तसा त्यांनी न सांगता उजवा हात पुढे केला. ती पाच मिनिटं मी कुठल्या रकान्यात घालू? हल्ली करण्यातलं समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्याही निघाल्या आहेत म्हणे. निघोत बापड्या. पण आमच्या घरी आला तो ओझ्याचा फॉर्म, आणि वडिलांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं असताना 'ओझं' हा शब्द मोठ्याने वाचताना ती मुलगीही अडखळली होती.

आता त्या हलक्या दुपारीकडे परत. ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून वेल्समध्ये खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर होते. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये एक उलटा नियम मांडला: जिथे गरज जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता कमी. मला वाटतं संशोधनालाही हाच नियम लागतो. ज्याच्याकडे तासभर आहे त्याचंच ओझं मोजलं जातं. आमच्याच इमारतीत दोन मजले वर एक बाई एकटी सासूचं करत होती, दोन लहान मुलं सांभाळून. त्या मुलीला तिचाही नंबर मी दिला होता. तिने चार वेळा फोन केला, बाईने उचलला नाही. संपला विषय. सँपलमधून ती गळली आणि सरासरी थोडी सुखी झाली.

आणि आमच्या दिवसपाळीच्या मावशी? बाबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायच्या त्या. फॉर्म 'कुटुंबातील काळजीवाहू'साठी होता, म्हणून त्यांना प्रश्नच नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळे २२ प्रश्न ऐकत होत्या. मुलगी गेल्यावर म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी पण सांगितलं असतं की." ब्रिटिश सरकारी नोकरांवर १९६७ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासांत दिसलं की नोकरीची पायरी जितकी खालची तितका हृदयविकाराने मृत्यू जास्त, आणि पुढच्या फेऱ्यांत दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती याचाही त्यात वाटा आहे. बारा तासांच्या पाळीत खिडकी उघडायची का हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागणाऱ्या बाईचा ताबा किती, ते मोजायला कोण येणार?

सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीसाठी फोन आला. "काका कसे आहेत?" गेले, म्हटलं, दीड महिना झाला. ती गप्प झाली. मग सॉरी म्हणाली, मनापासून म्हणाली. आणि मग जरा चाचरत, की या फेरीत तुमचा फॉर्म घेता येणार नाही, रुग्ण हयात असणं ही अट आहे. मी म्हटलं, बरं. त्या आठवड्यातही मी रात्री दोनला आणि चारला उठत होते, कूस बदलायच्या वेळेला. माणूस गेल्यानंतर करणाऱ्याचं काय होतं यावरही अभ्यास झालेत, मला कल्पना आहे. या अभ्यासात ती जागा नव्हती, इतकंच.

तिच्यावर माझा राग नाही. तिला ठरलेल्या मुदतीत ठरलेले फॉर्म भरून हवे होते, गाइडला पेपर हवा होता. संमतिपत्रकात माझी माहिती गुप्त राहील याची चार कलमं होती. निष्कर्ष मला कळवला जाईल असं एकही नव्हतं, आणि सही करताना ते माझ्याही डोक्यात आलं नाही. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम आहे. तिथे रुग्ण, त्यांचं करणारे आणि डॉक्टर एकत्र बसून पुढचं संशोधन कशावर व्हावं याची यादी ठरवतात. मला तेवढ्या टेबलावर बसायचं नाही. पण एखादी पीएचडीवाली या पोस्टवर असेल, तर फॉर्म भरून झाल्यावर बॅग उचलायच्या आधी दहा मिनिटं थांबत जा गं. आजवर काय सापडलंय ते सांग. येणारा-जाणारा कोण आहे विचार, आणि माझ्यासारखी कुणी 'नको येऊस' म्हणणारी निघाली तर तिला तो १९८०चा निबंध ऐकव.

आणि तू हे वाचत असशीलच कुठेतरी, तर थीसिस झाला असेल ना आता? पाठव मला. इंग्रजीत असला तरी चालेल, सावकाश वाचीन. आता वेळ आहे.