कॅनला भोक पाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेट्रोल ओतताना गचके बसतात, निम्मं टाकीत जातं आणि निम्मं पॅंटवर येतं, हे तुमचं दुखणं असेल तर तुम्ही योग्य गावात राहता. उद्यमनगरात लेथवर मोडक्या इंजिनाला उभं करणाऱ्यांचं हे कोल्हापूर. इथं कंपनीनं दिलेली वस्तू आहे तशी वापरणं म्हणजे तिचाही अपमान आणि आपलाही.

आधी कॅनचं बघू. विकत मुळीच घ्यायचा नाही. घरात गोडेतेलाचा पाच लिटरचा मोकळा कॅन असतोच. नसला तर शेताच्या बांधावर तणनाशकाचा पडलेला असतो. 1934 चा पेट्रोलियम कायदा म्हणतो की विकण्यासाठी नसलेलं पेट्रोल तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतचं, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचं. प्लॅस्टिकचा उल्लेखच नाही. आता ज्याचा उल्लेखच नाही त्याला मनाई कशी असेल? हा मुद्दा गल्लीतल्या कोणत्याही वकिलापुढं ठेवा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता गचक्याचं कारण. पेट्रोल बाहेर आलं की आत तेवढी जागा रिकामी होते आणि ती भरायला हवा आत शिरू बघते. तोंड एकच. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी महाद्वार रोडवर जे होतं, तेच कॅनच्या तोंडाशी होतं. थोडं पेट्रोल बाहेर, थोडी हवा आत, मग पुन्हा पेट्रोल.

यावर काही भित्री माणसं सांगतात की कॅन उलटा करू नका, आडवा धरा आणि तोंड वरच्या अंगाला ठेवा. मग तोंडाच्या वरच्या भागातून हवा आत जाते, खालच्या भागातून पेट्रोल येतं आणि गचका जवळजवळ बसतच नाही. खर्च शून्य, हत्यार काही नको, एक नरसाळं असलं की झालं. पण असला उपाय करणाऱ्याभोवती चार पोरं तरी गोळा होतात का? आपल्याला भोकच पाडायचंय. कॅनच्या वरच्या बाजूला, मुठीच्या मागं.

हत्यार म्हणून दाभण उत्तम. चपला शिवणाऱ्याकडून मागून आणा, गॅसवर लाल करा आणि भोसका. प्लॅस्टिक लोण्यासारखं उघडतं. ड्रिल वापरला तर कडेचा चुरा आत पडतो आणि पुढं कार्बोरेटरमध्ये अडकतो, असं मेस्त्री सांगेल. दाभणाला तो प्रश्न नाही. दाभणाचा प्रश्न वेगळा आहे. त्याबद्दल कोणी विचारलं तर सांगा, "कॅन मोकळा हाय की भावा, त्यात काय पेटणार?"

हे उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की त्यावर जरा थांबलंच पाहिजे. एकदा पेट्रोल भरून मोकळ्या केलेल्या कॅनमध्ये पेट्रोल नसतं, त्याची वाफ असते. हवेत ही वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की तिला फक्त ठिणगी हवी असते. भरल्या कॅनमध्ये वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच उरत नाही. कॅन ओतून मोकळा झाला, बाहेरची हवा आत गेली, की मिश्रण नेमकं बेतात येतं. म्हणजे भरल्यापेक्षा मोकळा कॅनच जास्त तयारीत असतो. आणि थंडीच्या भरवशावर राहू नका, उणे चाळीस अंशातही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, त्यामुळं ती वर उडून जात नाही. फरशीवरून सरपटत जिथं निरांजन किंवा शेगडी असेल तिथवर पोचते. म्हणून हे काम स्वयंपाकघरातच करा, तिला लांब जावं लागणार नाही. 'जाळ अन् धूर संगटच' फ्लेक्सवर पुष्कळदा वाचलं असेल, इथं प्रात्यक्षिक मिळतं.

भोक झालं की ते बंद करायला काहीतरी लागतं. मेण चालतं, च्युइंगम चालतं, पण परंपरा काडेपेटीच्या काडीची आहे. गुल असलेलीच काडी घ्या, पकडायला बरी पडते.

यात आपण एकटे नाही. अमेरिकेत 2009 पासून नव्या कॅनमधून गॅलनमागं दिवसाला 0.3 ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सुटता कामा नये असा नियम आला. मग स्वतःहून मिटणाऱ्या तोट्या आल्या, वेगळं हवेचं भोक गेलं. तिकडच्या लोकांनी काय केलं? भोक पाडलं आणि त्यात गाडीच्या चाकाचा व्हॉल्व्ह बसवला. बघा, नुसता उद्यमनगरचा पत्ता तेवढा नाही.

खरं तर हा प्रश्न 1937 च्या सुमाराला जर्मन सैन्याच्या वीस लिटरच्या पत्र्याच्या कॅननं सोडवून टाकला होता. तोंडाशीच हवेची नळी, वर तीन मुठी, झाकण खटक्याचं. पुढं इंग्रजांनी आणि अमेरिकनांनीही तोच उचलला. तशा घडणीचा कॅन विकत मिळतो. पण विकत आणलेल्या वस्तूत आपलं कर्तृत्व काय राहिलं?

पंपावर कॅन स्कूटरवरून उतरवूच नका. पोरगा म्हणेल, "काका, खाली ठेवा." त्याला सांगा, घाई हाय. प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि जमिनीवर ठेवून, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून भरलं की ठिणगीचा धोका बराच कमी होतो. हे त्याला शिकवलेलं असतं, आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि काठोकाठ भरून घ्या. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता ते आठवून दोन कॅन जास्तच घ्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये माळ्यावर ठेवा. वीस अंशांनी ऊन वाढलं तर वीस लिटर पेट्रोल पावणेचारशे मिलीच्या आसपास फुगतं. भोक आहेच की, तेवढं तिथून येईल.

टाकीतलं पेट्रोल नळीनं काढायचं झाल्यास तोंडानं ओढा. ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, पण पाच-पंचवीस वर्षं ओढणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. जे ओढत नाहीत त्यांचं मत विचारू नका.

कॅन तयार झाला की उद्घाटन मंडळाच्या जनरेटरवर करा. तो बंद करायचा नाही. बंद केला तर डॉल्बी थांबतो आणि आरती अर्ध्यावर तुटते. सायलेन्सर तापलेला असताना, मागून एकानं मोबाईलची बॅटरी धरलेली असताना, काडी काढून ओतायचं. धार सरळ, गुळगुळीत, एकही गचका नाही. कॅन जास्त कलला तर मागच्या भोकातून दुसरी बारीक धार लागते, तिच्याकडं लक्ष देऊ नका. काही झालंच तर बादलीभर पाणी मारा. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळं ते मंडपभर समान वाटलं जाईल. वाळू मात्र मागू नका, ती सगळी मंडपाचे बांबू रोवलेल्या डब्यांत भरलीय.