खड्डा बुजवणाऱ्यांचा फोटो

"गवताच्या गंज्या, गुरांचा बाजार, परत गंज्या. मधेच एक सोल्जर कुंपणाआड आडवा. ह्याला संघर्षाचे फोटो म्हणायचं?" पिंट्याने मोबाईल कट्ट्यावर ठेवला. आयर्लंडच्या सरहद्दीवरचे जुने फोटो होते, फरमॅना काउंटीकडचे.

"आपल्या बेळगावचंच की हे," नाना.

"नाना, तुम्ही पावसाचा विषय निघाला तरी बेळगावला जाता," मास्तर म्हणाले. मग त्यांचा तास सुरू झाला. 1921 ला फाळणी झाली. फरमॅना उत्तरेत, ब्रिटनकडे. शेजारचे मॉनहन आणि कॅव्हन दक्षिणेत. जिल्ह्याच्या हद्दी होत्या, त्याच देशाच्या झाल्या. क्लोनिस हे बाजाराचं गाव मॉनहनमध्ये राहिलं, त्याची निम्मी गिऱ्हाईकं पलीकडे गेली. क्लोनिसहून कॅव्हनला जाणारा रस्ता तर वाटेत चारदा सरहद्द ओलांडतो! 1923 पासून जकातनाके आले, की लगेच लोण्याची चोरटी वाहतूक. "त्यामुळं बाजाराचा फोटोसुद्धा सरहद्दीचाच फोटो आहे, पिंट्या."

पिंट्याने पुढचा फोटो काढला. रस्त्यात भलामोठा खड्डा, कडेला दगडांनी भरलेली ट्रॉली, फावडी घेतलेली माणसं. आयआरए म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना; तिची ये-जा थांबवायला 1970 नंतर ब्रिटिश लष्कराने असे कितीतरी आडरस्ते सुरुंगाने फोडले. गावकरी ट्रॅक्टर घेऊन यायचे, बुजवायचे. लष्कर पुन्हा फोडायचं. कुणाचं चर्च पलीकडे, कुणाचं अर्धं रान.

"हे भारी आहे. ही माणसं जिंकली पाहिजेत," पिंट्या म्हणाला.

इथे नाना पहिल्यांदाच बेळगाव सोडून बोलले. "आणि ज्याला तो खड्डा हवा होता, तो?"

नानांचं बरोबर होतं. फरमॅनात सरहद्दीलगत, बहुतेक ब्रिटनच्या बाजूच्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांची एकेकटी घरं होती. त्यांतले काही जण शेती सांभाळून अर्धवेळ ब्रिटिश लष्कराच्या रेजिमेंटमध्ये नोकरी करायचे. अशा कितीतरी जणांना आयआरएने गोठ्यात, शेतावर जाऊन गोळ्या घातल्या. मारेकरी रस्ता ओलांडला की दुसऱ्या देशात. त्या घराला खड्डा बुजला म्हणजे रात्रीची झोप उडाली. 8 नोव्हेंबर 1987 ला फरमॅनातल्या एनिस्किलनमध्ये युद्धस्मारकाजवळ आयआरएच्या बॉम्बने 11 जणांचा जीव घेतला, तेव्हा ही भीती उगाच होती असं कोण म्हणणार?

"म्हणून रस्ते बंदच ठेवायचे?" मास्तर उखडले. "सरहद्दीवरचा अघलेनचा पूल 1972 ला उडवला, नवा झाला 1999 ला. सत्तावीस वर्षं! पुलाजवळच्या बेल्टर्बेट गावातल्या दुकानदारांनी काय करायचं?"

ह्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मी मास्तरांच्या बाजूने बोलणार होतो, पण दुकान आणि जीव एका तराजूत घालायला जीभ रेटेना.

पिंट्या तोवर दोन बोटांनी फोटो मोठा करत होता. फावड्यांच्या मागे, उतारावर एक घर. "हे कुणाचं असेल?" त्याने विचारलं. फोटोखाली फक्त रस्त्याचं नाव होतं.