३.०७ चा मोह: अंबाजोगाईच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

‘एमजीबीचा मागचा रेशो बदलू नका’ या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलीच तिखट प्रतिक्रिया लिहिलीत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे १९६९ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे एमजीची कापडी टपाची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिन हळू फिरवणारी जादा सोय) नसलेली. मागचा रेशो म्हणजे चाकांच्या एका वेढ्याला प्रोपेलर शाफ्ट किती वेढे फिरतो तो मागच्या डिफरन्शियलचा आकडा. तुमचं म्हणणं असं की ३.९०९ चा रेशो साठच्या दशकातल्या इंग्लंडसाठी होता, आता आपल्याकडे समृद्धी महामार्ग आलाय. शंभरच्या वेगाला इंजिन साडेतीन हजारावर बोंबलतं. ३.०७ चं क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी) टाकलं की इंजिन शांत, पेट्रोल कमी आणि वरचा वेग सरळ सत्तावीस टक्क्यांनी जास्त. शिवाय ‘तुमच्यासारखे लोक जुनं ते सोनं म्हणत बसतात’ हा शेरा. शेरा राहू द्या, गणिताचं बोलू.

आवाजाबद्दल तुमचं खरं आहे. १६५ आर १४ मापाच्या टायरवर ही गाडी टॉपमध्ये, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये, दर हजार आरपीएमला सुमारे २९ किलोमीटर जाते. म्हणजे शंभरला ३,४७० आणि समृद्धीची मर्यादा गाठून १२० ला गेलात तर ४,१५० च्या वर. कापडी टपाखाली तासभर हे ऐकलं की कान किटतात. पण इंजिनाला त्याचा त्रास होतो, हे मला मान्य नाही. याचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. ३,४७० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास येतो आणि सहा हजाराला जवळजवळ अठरा. तुमची गाडी १९६९ ची, म्हणजे क्रँकला पाच बेअरिंगचा भक्कम आधार असलेली. ऑइल प्रेशर ठीक असेल तर ती साडेतीन हजारावर दिवसभर पळेल.

आता सत्तावीस टक्के. ३.९०९ भागिले ३.०७ म्हणजे १.२७, एवढं बरोबर. पण वरचा वेग डिफरन्शियल ठरवत नाही, हवा ठरवते. मोठ्या वेगाला हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते. १.२७ चा घन दोनच्या पुढे जातो. म्हणजे तुमचे सत्तावीस टक्के हवे असतील तर इंजिन दुप्पट ताकदीचं हवं. १,७९८ सीसीचं हे इंजिन ५,४०० ला ९५ हॉर्सपॉवर देतं. ३.९०९ वर हे ५,४०० आरपीएम साधारण १५६ च्या वेगाला येतात आणि गाडी तिथून थोडी पुढे, १६५ च्या आसपास थांबते. ताकदीचा शेंडा आणि गाडीचा दम जवळपास एकाच ठिकाणी संपतात. कारखान्याने हा रेशो बसवला तो विचार करूनच. तिथे ३.०७ टाकलात तर १६५ ला इंजिन जेमतेम ४,५०० वर येईल आणि तिथे त्याच्याकडे ९५ घोडे नसतात. मग टॉपमध्ये गाडी पूर्वीपेक्षा आधीच दम टाकेल. 

३.०७ कुणाचा रेशो आहे, हेही बघा. १९७३ ते ७६ दरम्यान एमजीने एमजीबीच्या बंद छताच्या मॉडेलमध्ये, म्हणजे बी जीटीमध्ये, ३,५२८ सीसीचं व्ही-एट इंजिन बसवलं, हा रेशो त्या गाडीचा. तिचा टॉर्क, म्हणजे ओढ, आपल्या चार सिलिंडरच्या पावणेदोन पट. ती या रेशोवर दोनशेच्या आसपास जायची, कारण मागे तेवढी ओढ होती. क्राउनचे दात दोन्हीकडे ४३ च. आपल्याकडे पिनियनला ११, तिच्याकडे १४. हे तीन जास्तीचे दात ओढायला तेवढं इंजिन लागतं.

पण खरं घोडं पेंड खातं ते खालच्या गिअरमध्ये, आणि तुमच्या प्रतिक्रियेत पहिल्या गिअरचा उल्लेखच नाही. तुम्हीच लिहिलंय की गाडी मुख्यतः संभाजीनगरहून गावी जायला वापरता. म्हणजे पाचोड, शहागडला गोदावरी, गेवराई, बीड, मांजरसुंबा, मग नेकनूर, केज, अंबाजोगाई. या वाटेवर समृद्धी आहे कुठे? मांजरसुंब्यापर्यंत चौपदरी आहे, कबूल. पण तिथून पुढचा रस्ता गळीत हंगामात डोळ्यांसमोर आणा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागचा लाल दिवा गायब, समोरून एसटी येतेय, ओव्हरटेकचा प्रश्नच नाही. ट्रॅक्टर चढावर सात-आठच्या वेगाने रांगतोय. आत्ताच्या रेशोवर पहिल्यात हजार आरपीएमला गाडी सुमारे साडेआठने जाते, म्हणजे क्लच पूर्ण सोडून तुम्ही त्याच्या मागे निवांत येऊ शकता. ३.०७ वर तोच आकडा पावणेअकरा होतो. आठने चालायचं तर क्लच अर्धा दाबून धरावा लागेल. चढ, ऊन, त्यात अर्धा क्लच: प्लेट जळल्याचा वास कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यात तुमच्या मॉडेलचा पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर. आरपीएम पडले की पंखा मंद, आणि इंजिनावर ओझं मात्र तेवढंच. एप्रिलमध्ये बीडला पारा ४२ वर असतो तेव्हा काटा कुठे जाईल?

सपाटीवरही तेच. गाव आलं, गतिरोधक आला, परत साठवर आलात. आज टॉपमध्ये साठला २,०८० आरपीएम असतात, हळूहळू का होईना गाडी ओढते. ३.०७ वर १,६३० होतात आणि ती घुंघुं करत थरथरते. मग तिसरा टाका. तिसऱ्याचा रेशो १.३८, त्याला ३.०७ ने गुणलं की ४.२४. तुमचा आजचा टॉप ३.९०९. म्हणजे नवा तिसरा जवळपास जुना टॉपच, त्याहून जरा खालचा. पैसे खर्चून तुम्ही चार गिअरची गाडी अर्धा वेळ तीन गिअरची करणार.

पेट्रोल थोडं वाचेल, फक्त एकसारख्या वेगाच्या रस्त्यावर. त्यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्या मूळ तक्रारीचं उत्तर ओव्हरड्राइव्ह हेच आहे. एमजीबीला तो १९६३ पासून जादा पैसे देऊन मिळायचा. तो तिसऱ्या-चौथ्यात लागतो आणि त्याचा रेशो सुमारे ०.८. म्हणजे बटण दाबलं की टॉपचा एकूण रेशो ३.१ ते ३.२ च्या दरम्यान येतो, तुमच्या ३.०७ च्या अगदी शेजारी, आणि पहिला-दुसरा जागच्या जागी. फक्त मागे नुसतं युनिट लावून भागत नाही. मेनशाफ्ट वेगळा असतो, अख्खा गिअरबॉक्सच शोधावा लागतो. महाग आहे, मान्य. पण क्राउन-पिनियन बदलणंही स्वस्तातलं काम नव्हे. दोन्ही जोडीनेच बदलायचे, शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर मोजायचा, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघायचं. आपल्याकडे अॅम्बेसिडरवर हात बसलेले जुने मिस्त्री आहेत. तिचं १,४८९ सीसीचं इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे इंजिन ते झोपेतही खोलतील. पण डिफरन्शियल नुसत्या हाताच्या अंदाजाने बसवलं की साठ-सत्तरला जी हूं सुरू होते, ती तुमच्या साडेतीन हजारापेक्षा वाईट.

काही करण्याआधी दोन गोष्टी तपासा. टायर १७५/७० आर १४ असतील, तर ते १६५ आर १४ पेक्षा साधारण तीन टक्के बुटके आहेत आणि तुमची गाडी आत्ताच ४.०३ च्या रेशोसारखी वागतेय. १६५ च्या उंचीचे टायर घातले तर शंभरला शंभरेक आरपीएम फुकटात कमी होतील. दुसरं, आत ३.९०९ च आहे का ते बघा. इतक्या वर्षांत कुणी काय घातलं असेल, सांगता येत नाही. पुढच्या चाकांना दगड लावा, एक मागचं चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा आणि उचललेलं चाक बरोबर दोन वेढे फिरवा. शाफ्टचे चाराला थोडे कमी वेढे झाले तर ३.९०९.

आणि क्राउन-पिनियनची जोडी इंग्लंडहून मागवून झालीच असेल, तर निदान स्पीडोमीटर आधी जुळवून घ्या. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते, मागे काय बदललं ते तिला कळत नाही. काटा ९५ दाखवेल तेव्हा तुम्ही १२० ओलांडलेलं असेल, आणि समृद्धीवरचे कॅमेरे तुमचा काटा बघत नाहीत.