‘रेडीमेड आणा आणि दुमडा’ एवढ्यावर भागत नाही, दादा!

नाव लिहिलेलं नाहीत, नुसतं ‘मंगळवार पेठेतून’ एवढंच, म्हणून दादा म्हणते. वेड्यावाकड्या मापांच्या खिडक्यांना स्वस्तात पडदे कसे करावेत, या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच खरडपट्टी काढलीत. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘पडदे शिवून घ्या’ हा पैसेवाल्यांचा सल्ला आहे. रेडीमेड पाच फुटी जोडी आणायची, खालून दुमडून टीप मारायची, विषय संपला. ब्लाइंड मी दोन ओळींत उडवून लावले. आणि घरभर एकच कापड लावलं की घराची लॉज होते. शेवटी तुमच्या घराचं वर्णन: भिंत दीड फूट जाड, खिडक्या अडीच फुटांच्या आसपास, खिडक्या चार आणि मापंही चार.

उत्तर त्या वर्णनापासूनच सुरू करते, कारण तुमचा मुद्दा तुमच्याच खिडक्या खोडून काढताहेत.

रेडीमेड पाच फुटी पडदा कुठे चपखल बसतो ते बघा. फ्लॅटमध्ये साधारण लिंटल, म्हणजे खिडकीच्या डोक्यावरची आडवी तुळई, सात फुटांवर आणि खिडकीचा कट्टा तीन फुटांवर असतो, म्हणजे खिडकी चार फूट उंच. वर सहा इंच सोडून दांडी, खाली सहा इंच पडदा, झाले पाच फूट. आपल्या कोल्हापुरात कळंब्याकडे किंवा आर. के. नगरला नव्या इमारतीत कोणी राहत असेल तर त्यांनी डोळे मिटून रेडीमेड घ्यावेत, माझी काही हरकत नाही. पण पेठेतलं जुनं घर लिंटल आणि कट्ट्याचा हा हिशेब ठेवून बांधलेलं नाही.

आता तुमच्या चार खिडक्या. तुम्ही मापं दिलेली नाहीत, म्हणून मी रुंदी ३०, २७, ३३ आणि २४ इंच धरते, उंची सगळ्यांची ३८. प्रत्येकीला एक जोडी म्हणजे आठ पडदे. एकेक पडदा चार फूट पन्ह्याचा आणि पाच फूट लांब. आठ पडद्यांचं मिळून कापड भरतं सव्वाबारा मीटर. ३० इंचांच्या खिडकीवर ९६ इंच कापड, तिपटीहून जास्त! पडदे बाजूला सारले की दोन्हीकडे एवढाले गठ्ठे होणार की उघडी खिडकी वीतभरच उरेल. जुन्या घरात आधीच उजेडाची बोंब, त्यात हे.

जोडी नको, एकेकच लावतो म्हणाल, तर कापड निम्म्यावर येईल हे खरं. पण मग सगळा पडदा एकाच बाजूला गोळा करावा लागतो आणि उंचीचं दुखणं तसंच राहतं. साठ इंचांतले वीस-बावीस इंच तुम्हाला नकोच आहेत. म्हणजे पैसे मोजलेल्या कापडाचा तिसरा हिस्सा दुमडीत गेला. ती दुमड कशी दिसते ते एखाद्या उन्हाच्या दुपारी बघाच. पडद्यामागून ऊन आलं की वरचा भाग उजळतो आणि खाली दुपदरी कापडाचा गडद पट्टा उमटतो, अगदी आखल्यासारखा. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडे जी हवा असते, त्यात तो जाड पदर वाळता वाळत नाही. आधी कुबट वास, मग बारीक काळे ठिपके. दुमडायचंच नाही म्हणाल, तर जादा कापड कापायचं. रिंगा वरच्या बाजूला असतात, तेव्हा कात्री खालूनच लागणार. कापलेल्या पट्टीतून पडदा बांधायचे बंद होतात. पण मग शिंप्याकडे जाणं आलंच ना? ‘शिवायचं नाही’ म्हणून रेडीमेड घ्यायचे आणि तेच घेऊन शिंप्याच्या दारात उभं राहायचं, यात वाचलं काय?

मी काय म्हणत होते, ते आता तुमच्या घरापुरतं सांगते. आधी कापड नाही, आधी दांडी. दांडी कुठे येणार हे ठरलं की खिडकीचं माप कितीही विचित्र असो, पडद्याचं माप सरळ होतं.

दीड फूट भिंत म्हणजे खिडकीपुढे चांगलं खोल कोंदण आहे. तुमच्या झडपा आत उघडत असतील, बहुतेक तशाच असणार, कारण गज बाहेरच्या बाजूला असतात. तर सगळ्या झडपा पूर्ण उघडा आणि त्या खोलीच्या दिशेने किती पुढे येतात ते टेपने मोजा. त्याच्या पुढे, कोंदणाच्या आतल्याच बाजूला, खोलीकडच्या कडेशी दांडी. म्हणजे पडदा भिंतीच्या बाहेर येत नाही, झडपेत अडकत नाही, आणि दोन्हीकडे कोंदणाच्या भिंती असल्यामुळे बाजूने फटही राहत नाही. यासाठी जाड नक्षीदार रॉड लागत नाही. पाऊण इंची स्टीलचा पाईप पुरतो. हवा त्या लांबीला कापून घ्यायचा, उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपवाल्याला सांगितलं तर मिनिटाचं काम. मात्र मातीच्या भिंतीत, चुन्याच्या गिलाव्यात ड्रिल मारून प्लग ठोकू नका. पहिल्यांदा कोणी जोरात पडदा ओढला की स्क्रू, प्लग आणि मूठभर गिलावा असं सगळं हातात येतं. वरच्या तुळवटाला किंवा लाकडाला एक पट्टी पक्की करा आणि ब्रॅकेट त्या पट्टीला बसवा.

आता कापड, आणि खरी बचत इथे आहे. ४८ इंच पन्ह्याचं कापड आपण सवयीने उभं वापरतो. तुमच्या खिडकीला ते आडवं वापरा, म्हणजे पन्हा उंचीला आणि लांबी रुंदीला. तयार पडदा ३७ इंच हवा, म्हणजे कट्ट्याच्या वर एक इंच. त्यात वर नेफ्याला तीन, खाली दोन आणि आटायला दोन इंच धरले, तरी ४४ होतात आणि पन्ह्यात आरामात बसतात. खाली तयार किनारच येते. रुंदीला दुप्पट चुण्या धरल्या तर चार खिडक्यांचे २२८ इंच, शिवाय बाजूच्या दुमडींसाठी खिडकीमागे सहा इंच, म्हणजे एकूण २५२. साडेसहा मीटरचा एकच तुकडा! हिशेबापुरतं दीडशे रुपये मीटर धरलं तर हजाराच्या आत कापड झालं. शिलाई नुसती सरळ आहे. पडदेवाल्या मोठ्या दुकानात जायची गरज नाही, गल्लीतल्या पिको-फॉल करणाऱ्या ताईसुद्धा करून देतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. आडवं वापरायचं तर उभ्या पट्ट्यांचं किंवा डोकं वर असलेल्या मोरांचं कापड नको, मोर आडवे झोपतील. आणि सुती कापड शिवायच्या आधी पाण्यात भिजवून वाळवून घ्या. चार फुटांत दोन इंच आटणं सहज होतं. शिवल्यावर आटलं तर पडदा कट्ट्यापासून वर लटकत राहतो आणि मग दोष शिंप्याचा ठरतो.

सुती कापडासाठी लांब जायचं कारण नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत यंत्रमाग आणला तेव्हापासून ते गाव कापडावरच चालतंय, आणि आपल्यापासून अंतर जेमतेम तीस किलोमीटर. पॉपलिनसारखं साधं कापड तिथे ठोकात घेता येतं. पॉपलिन एकटं पातळ पडतं, पण अस्तराला उत्तम. पश्चिमेच्या खिडकीला पांढरं अस्तर लावाच. उन्हाचा मारा अस्तर झेलतं, पडदा टिकतो. पावसाची झडही पश्चिमेकडूनच येते, त्यामुळे त्या एका खिडकीला शुद्ध सुतीपेक्षा पॉलिस्टर मिसळलेलं कापड बरं. लवकर वाळतं.

आणि कापड विकतच घ्यायला हवं असंही नाही. घरात आईच्या, सासूबाईंच्या सुती साड्या असतातच. साडी साडेपाच मीटर लांब आणि पन्हा ४५ इंचांच्या आसपास. तीच आडवी धरली की काठ आपोआप खाली येतो. चार फूट रुंदीच्या दोन खिडक्यांना दुप्पट चुण्यांचे पडदे एका साडीत निघतात. तुमच्या अडीच फुटी तर तीन निघतील. फक्त साडी कुठे विरली आहे का ते उजेडाकडे धरून बघा आणि तो भाग वगळून कापा. आणि हो, कोणाची साडी आहे तिला विचारून!

ब्लाइंडचं म्हणाल, तर दोन ओळीत उरकलं कारण स्वस्तात करायचं होतं. रोलर ब्लाइंड चौरस फुटावर विकतात. तुमची ३० इंची खिडकी आठ चौरस फुटांचीही नाही, पण बरेच विक्रेते ठरावीक किमान चौरस फूट धरूनच बिल करतात. ऑर्डर देण्याआधी ते विचारा. यंत्रणा लहान ब्लाइंडलाही तेवढीच लागते. शिवाय कापड ब्रॅकेटपेक्षा थोडं अरुंद असतं, त्यामुळे कोंदणात बसवला की दोन्ही कडांना उजेडाची फट राहते. आणि मुख्य म्हणजे जुन्या घराची खिडकी काटकोनात नसते. टेपने दोन्ही कर्ण मोजा, फरक निघाला की समजा. चुण्या हा वाकडेपणा पोटात घालतात, ब्लाइंड तो चव्हाट्यावर मांडतो. तरी हवाच असेल तर रोमन ब्लाइंड, म्हणजे दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा, घरी शिवा. त्याला चुण्या नसल्यामुळे कापड निम्मं लागतं, ३० इंचांच्या खिडकीला पाऊण-एक मीटर. मागे आडव्या नेफ्यांत बारीक काठ्या, त्यांना छोट्या रिंगा, रिंगांतून दोरी, बस. घरात लहान मूल असेल तर ती दोरी उंच खुंटीला गुंडाळून ठेवा. लोंबती दोरी गळ्यात अडकण्याचा धोका खरा आहे. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या खिडकीला मात्र मी स्वतः ब्लाइंडच सांगेन, पुसून निघणारा. गॅसजवळ हलतं कापड नको. बांबूची चिक उन्हाळ्यात सोप्याला झकास, पण पावसाळ्यात उतरवून ठेवावी लागते. न्हाणीघराच्या झरोक्याला पडदाही नको आणि ब्लाइंडही नको. काचेला फ्रॉस्टेड फिल्म चिकटवा.

राहिली लॉज. एकाच ठिकाणी उभं राहून जेवढ्या खिडक्या एकदम दिसतात, तेवढ्यांना एक कापड, असं मी लिहिलं होतं. घरभर नाही. चार खिडक्यांची चार मापं असताना वर चार रंगही केले, तर नजर मापांवरच जाते. एक कापड असलं की खिडकी लहान-मोठी आहे हे पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. पलीकडच्या खोलीत तुम्हाला हवा तो रंग लावा.

तुमच्या झडपा वरच्या दोन आणि खालच्या दोन अशा वेगळ्या असतील, तर हा सगळा खटाटोप निम्मा होतो. खालच्या अर्ध्या भागापुरता स्प्रिंगवरचा पडदा चौकटीलाच हुक मारून लावा. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं दिसत नाही आणि वरून उजेड-वारा येत राहतो. तसं असेल तर मापं इथेच लिहा. इंचांत लिहा, रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, कोंदणाची खोली आणि उघडलेल्या झडपेची लांबीही द्या. किती मीटर कापड लागेल ते काढून देते.