सर्व्हे सुधारायला सूचना पाठवताय? आधी हे वाचा

सरकारला जनतेचं मत पाहिजे म्हटलं की आपल्याकडं दोन जातीची माणसं निघतात, एक म्हणणार "सोड रे, काय होणार नाही" आणि दुसरी खरोखरच चष्मा पुसून पेन घेऊन मत द्यायला बसणार. तुम्ही दुसऱ्यातले असाल तर जरा दम धरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे देशाच्या आरोग्याचा आणि पोषणाचा सर्व्हे, कसा सुधारावा हे सरकारला सांगायला एक रीत लागते, आणि ती माहीत नसली तर माणूस भोळेपणानं खरं बोलून बसतो.

तसं निवेदन कसं द्यायचं हे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. कागद साहेबांच्या हातात, डोळे कॅमेऱ्यात, मागं रांगेनं मुंडकी, आणि उद्याच्या पेपरात आपलं नाव छापलं का 'आदी उपस्थित होते' मध्ये बुडालं एवढंच बघायचं. खरं असल्या सूचना ईमेलनं जातात, तिथं फोटो नसतो, त्यामुळं सगळा जोर मजकुरावर. सुरुवात 'स्तुत्य उपक्रम' नं करा, शेवट 'योग्य ती कार्यवाही व्हावी' नं करा, मधलं कुणी वाचणार नाही असं धरून मोकळेपणानं लिहा, पण चुकून कुणी वाचलंच तर अंगाशी येणार नाही एवढं बघा.

आता ज्याला सुधारायला निघालाय ते काय आहे ते तरी माहीत करून घ्या, नाहीतर निम्मे लोक जातीच्या सर्व्हेला दारात आलेल्या मास्तरांवरचाच राग इथं काढतील. हा वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 1992-93 पासून चालू आहे, मुंबईला देवनारमध्ये लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे ती करते. पाचवी फेरी 2019 ते 2021 मध्ये झाली, त्यात 6 लाख 36 हजारांवर घरं, 7,24,115 बायका आणि 1,01,839 पुरुष. पुरुष कमी दिसले म्हणून लगेच सूचना लिहायला घेऊ नका, पुरुषांचे प्रश्न मुद्दामच थोड्या घरांत विचारायचे असं आधीच ठरलेलं असतं. आणि बरंच आहे की ते. बाई घरात सापडते, पुरुषाला कट्ट्यावरनं, चहाच्या गाड्यावरनं नाहीतर पक्षाच्या मीटिंगमधनं शोधून आणायचं, मग त्यानं आधी सीमाप्रश्नावर बोलायचं आणि मग ब्लडप्रेशरवर, इतका वेळ कुठल्या सरकारकडं आहे.

एका गावातनं किंवा वॉर्डातनं 22 घरं निवडतात. म्हणजे तुमच्या घरी कुणी आलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, आणि हाच मुद्दा तुम्ही सूचनेत ठासून मांडायचा: 'माझ्याकडं कुणी आलं नाही, शेजाऱ्याकडं आलं नाही, सबब सर्व्हे खोटा.' शितावरनं भाताची परीक्षा आपल्या आजीला जमत होती, येळ्ळूरच्या शिवारातला बासमती ती एक शीत दाबून उतरवायची, आपण मात्र अख्खं पातेलं खाल्ल्याशिवाय भात शिजला म्हणणार नाही.

तरी समजा तुमचं घर त्या 22 मध्ये निघालं. अकराच्या सुमाराला एक पोरगी येते, गळ्यात ओळखपत्र, हातात छोटा कॉम्प्युटर, संगतीला वजनकाटा, पोरगी धारवाडकडची, मराठी कळतं खरं बोलताना अडखळते. सोप्यात तुमची आई, म्हणजे घरातल्या वैनीची सासू, पाटावर बसून लसूण सोलत असते. पोरगी वैनीला विचारते, अक्का, अंडी किती वेळा खाता, रोज, आठवड्यातनं, कधीतरी, का कधीच नाही?

वैनी तोंड उघडायच्या आत उत्तर येतं, "रोज की. परड्यात कोंबड्या हाईत नव्हं."

"दूध?"

"म्हस हाय की ओ दारात."

"फळं?"

"केळी असत्यातच की घरात. आमच्यात खायला काय कमी हाय?"

पोरगी वैनीकडं बघते, वैनी लसणाकडं बघते. रोज, रोज, रोज. म्हशीचं दूध सकाळीच डेअरीला गेलेलं असतं, अंडी दुकानात गेलेली असतात, केळी देवापुढं असतात, आणि तरीपण सासूबाई एक अक्षर खोटं बोललेल्या नसतात. विचारलं ते सगळं घरात आहे, कुणाच्या पोटात गेलं ते वेगळं.

तेव्हा तुमची पहिली सूचना अशी पाहिजे, की सासूसाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिका काढावी आणि सुनेचीही उत्तरं त्यातच भरून घ्यावीत, वेळ वाचेल, घरात शांतता राहील, आणि देशाच्या पोषणाची पातळी एका दुपारीत वर जाईल. मात्र घरात शेवटी कोण जेवतं आणि तोवर आमटीत डाळ उरलेली असते का नुसतं पाणी, असला प्रश्न कुणी सुचवत असेल तर त्याला तिथंच गप्प बसवा. त्याचं उत्तर टक्क्यात निघायच्या आधी घरात भांडण निघतंय.

खरी अडचण अशी आहे की बोटातनं काढलेलं रक्त सासूचं ऐकत नाही.

2015-16 ला 15 ते 49 वयाच्या बायकांत रक्त कमी असलेल्या 53 टक्के होत्या, पाचव्या फेरीला 57 टक्के झाल्या. पाच वर्षांच्या आतली पोरं 58.6 वरनं 67.1 वर. पुरुषांत 25 टक्के, म्हणजे एकाच चुलीवरचं खाऊन निम्म्याहूनही कमी, पण तो विषय आपण वरच मिटवलाय. आता यावर उपाय काय? लोह, डाळी, पालेभाज्या, जंताच्या गोळ्या हे सगळं सांगून झालंय, त्यात नवीन काय सुचवणार. नवीन उपाय निघालेला आहे, सहाव्या फेरीतनं हिमोग्लोबिनची तपासणीच काढून टाकली आणि ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्व्हेकडं दिली, त्यात शिरेतनं रक्त घेतात. तज्ज्ञांचं म्हणणं खोटं नाही हां, बोट टोचून दाबून काढलेल्या थेंबात अंगातलं पाणी मिसळतं, आकडा इकडंतिकडं होतो, शिरेतलं रक्त जास्त भरवशाचं. यावर एखादा शहाणा विचारेल की मागच्या वेळी पण बोटच टोचलं होतं, तेव्हा चूक असलीच तर दोन्ही वेळा तीच असणार, मग मधली वाढ कुठनं आली? आणि नवीन मोजमाप जुन्याशी जुळवायचं कसं? तुम्ही तो शहाणा होऊ नका. तुम्ही लिहा की जे मोजल्यावर वाढतंय ते मोजू नये. उंची मोजायला आपली काहीच हरकत नाही, खुजी पोरं 38.4 टक्क्यांवरनं 35.5 वर आलीत, तेव्हा उंचीची पट्टी ठेवावी, हवी तर दोन ठेवाव्यात.

मीठसुद्धा तपासतात, आयोडीन आहे का बघायला. त्यात 94 टक्के घरं पास. मीठ पास आणि मीठ खाणारी नापास, असा निकाल लागलाय म्हणा.

सूचनेखाली नाव घालायचं का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. हा सर्व्हे करणाऱ्या संस्थेच्या संचालकांना 2023 च्या जुलैत केंद्रानं निलंबित केलं होतं. कारण विचारलं तर सरकार म्हणालं भरतीत गडबड, विरोधक म्हणाले गैरसोयीचे आकडे. आपण दोन्ही ऐकायचं, मान डोलवायची आणि सहीच्या जागी 'एक नागरिक' लिहायचं.

आता आपल्या भागाचं म्हणून काहीतरी लिहायलाच पाहिजे, त्याशिवाय बेळगावकडनं सूचना गेली हे कळणार कसं. तर नियम असा आहे की आदल्या रात्री जी बाई त्या घरात मुक्कामाला होती तिलाही धरायचं. आता निपाणीची पोरगी कागलला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, सातवा महिना, हिमोग्लोबिन नऊ. पाचव्या फेरीपर्यंत सर्व्हेवाली दारात आली की ते नऊ कर्नाटकाच्या नावावर पडायचं. रक्त आटलं महाराष्ट्रात, मोजलं कर्नाटकात. जमिनीचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, रक्तावर अजून कुणी दावा लावलेला नाही, तेव्हा सूचनेत हा मुद्दा घाला, दोन्हीकडचे नेते चार दिवस तरी कामाला लागतील. आकडा चांगला निघाला की दोघेही आमचा म्हणतील आणि वाईट निघाला की दोघेही पाहुणी होती म्हणतील. औषधाच्या बाबतीत तेच चाललंय की. महाराष्ट्रानं 2023 ला आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमेवरच्या 865 गावांना लावतो म्हटलं, कर्नाटकानं डोळे वटारले. आपण आजारी पडतो कर्नाटकात आणि बरं व्हायला मिरजेला जातो, हे कुठल्या रकान्यात बसतंय ते जरा विचारा त्यांना.

तंबाखूचा प्रश्नही असतो. निपाणी भागात हा प्रश्न विचारणं म्हणजे खरं तर सर्व्हेवालीचं धाडसच, आख्खा बाजार त्याच्यावर उभा राहिलेला. म्हातारीला विचारलं, आजी तंबाखू खाता का? "छ्या छ्या, ते कुठलं ओ. मिश्री लावतो तेवढी, दात घासायला." किती वेळा? "सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी जरा पडून उठल्यावर, आणि रातच्याला झोप येत न्हाई म्हणून." आता तव्यावर भाजून काळी केलेली तीच तंबाखू, पण दात घासणं ही स्वच्छतेची गोष्ट झाली. तुमची सूचना सोपी ठेवा, मिश्री तंबाखूतनं काढून दातांच्या निगेत घालावी. एका झटक्यात तंबाखू खाली आणि दात वर.

नवऱ्याच्या मारहाणीचेही प्रश्न आहेत त्यात. घरातल्या एकाच बाईला विचारायचे, आणि ती एकटी असेल तरच, मधे कुणी आलं तर थांबायचं असा नियम आहे. नियम फार विचार करून केलेला आहे, तो तसाच ठेवा म्हणून जोरदार पाठिंबा द्या, कारण आपल्याकडं सोपा, माजघर आणि न्हाणी एवढ्यात एकांत शोधायचा म्हणजे अवघड काम. पोरगी वैनीला आत घेऊन बसली रे बसली की सासू पाणी प्यायला येते, जाऊबाई पोराचं दुपटं शोधायला येते, समोरची मामी "कोण आलंय ग" करत येते. प्रश्न तिथंच राहतो. मारहाण नाही असं त्यातनं ठरत नाही, पण दिसतही नाही, आणि अब्रूदार घराला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे?

वेळेबद्दलही एक ओळ टाका. पाचव्या फेरीचं कर्नाटकातलं काम 2019 च्या जुलै ते डिसेंबर झालं. त्याच ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्या घरात शिरल्या होत्या, कितीतरी गावं शाळांत आणि मंगल कार्यालयांत जाऊन राहिली होती, घरातलं धान्य भिजून कोंब आले होते. त्यातनं घरी परतलेल्या बाईला 'भाजी किती वेळा खाता' विचारलं तर ती काय सांगेल? म्हणून लिहा की सर्व्हे सुगीनंतर घ्यावा, लग्नसराईत घेतला तर अजून बरं. गरीब माणूस कुठल्या महिन्यात अर्धपोटी असतो हे सरकारनं मुद्दाम त्याच महिन्यात जाऊन बघू नये, वाईट दिसतंय ते.

आणि सगळ्यात जालीम सूचना शेवटाला राखून ठेवा. काल काय खाल्लं, आठवड्यात काय खाल्लं हे विचारणंच बंद करा म्हणावं. त्याऐवजी एकच प्रश्न ठेवा: पाहुणा आला तर काय करता? बघा मग आपल्या जिल्ह्याचं पोषण कुठल्या कुठं जातंय. होळगी, त्याच्यावर तुपाची धार, कट्टाची आमटी, भात, पापड, दही, कुंद्याचा बॉक्स, लग्नघर असेल तर मांडे, नको नको म्हणताना पानात अजून एक. प्रथिनं आहेत, स्निग्ध आहे, लोहसुद्धा असेल कुठंतरी गुळात. पाहुणे उठले, पुरुष उठले, पोरं उठली, मग पातेल्याच्या बुडाला लागलेला भात खरवडून वैनी जे खाते त्याला रकाना पाहिजेच असं कुणाचं म्हणणं असेल तर 'इतर' मध्ये घाला.