शोध गल्ल्यापर्यंतच लावावा

घरात कोणी पॉलिमर इंजिनियर झालं असेल, किंवा तुम्हालाच उतारवयात पॅकेजिंगमध्ये काहीतरी करून दाखवायची हौस आली असेल, तर आधी माझ्याकडे या. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात एकतीस वर्षं प्लास्टिकच्या पिशव्या काढल्यात मी. नावावर पेटंट एकही नाही, पण शोध लागतात कसे आणि पचतात कसे, ते जवळून बघितलंय. सल्ला फुकट आहे. पिशवीचे पैसे वेगळे.

पहिलं म्हणजे, हुशारीवर फार विसंबू नका. १९३३ साली इंग्लंडात नॉर्थविचला फॉसेट आणि गिब्सन या दोघांनी इथिलीन वायू आणि बेंझाल्डिहाइड नावाचं रसायन प्रचंड दाबाखाली कोंडलं. व्हायचं ते काही झालं नाही, पण भांड्यात मेणासारखं पांढरं काहीतरी सापडलं. तेच पॉलिथिन. पुन्हा करायला गेले तर धड जमेना. दोन वर्षांनी उमगलं, की इथिलीनमध्ये चुकून शिरलेल्या जराशा ऑक्सिजनची ती करामत होती. तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेत सगळं काटेकोर चाललं असेल तर वेळीच सावध व्हा, कुठेतरी गळू द्या. आमच्या गाळ्याचे पत्रे दर जूनला गळायचे. त्यातून शोध काही लागला नाही, शॉक मात्र दोघांना लागला.

वस्तू कशासाठी आहे, हेही आधी ठरवून बसू नका. अमेरिकेत १९५७ साली फील्डिंग आणि शाव्हान यांनी न्हाणीघराचे दोन प्लास्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवून भिंतीला लावायचा फुगीर कागद काढला. भिंतीला तो कोणी लावला नाही. पुढे कॉम्प्युटर गुंडाळायला उपयोगी पडला, त्यालाच आपण बबल रॅप म्हणतो. फ्रिज आला की घरात पहिलं भांडण त्याच्यावरून होतं, फ्रिज उघडतो नंतर.

आता मुद्द्याची गोष्ट. झबला पिशवी. लहान बाळाच्या झबल्यासारखी दिसते म्हणून झबला. आमच्या धंद्यात दुसरा शब्द नाही. प्लास्टिकचा दाणा हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नसराळ्यात टाकायचा, वितळवायचा, गोल डायमधून, म्हणजे साच्यातून वर काढायचा आणि आतून हवा सोडायची, की माणसाच्या दुप्पट उंचीचा फुगा छताकडे चढायला लागतो. वर रोलरमध्ये तो चपटा होतो, खाली बॉबिनवर गुंडाळला जातो. मग कडेला घड्या, वरखाली सील, आणि पंचिंग मशीनचा एक दणका की मधला तुकडा उडतो, दोन कान शिल्लक राहतात. शिवण नाही, गोंद नाही. दोन-चार ग्रॅमची वस्तू, तीन-चार किलो कांदे उचलते. रात्रपाळीला लाइट गेली की तोच फुगा हळूच अंगावर बसायचा. देवाशपथ सांगतो, उतरत्या फुग्यासारखं सुंदर दृश्य मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्यानंतर दीड तास डाय साफ करण्यासारखं घाणेरडं कामही.

ही युक्ती स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या स्वीडिश इंजिनियरची. १९६५ मध्ये त्याच्या कंपनीला अमेरिकेचं पेटंट मिळालं. कागदी पिशव्यांपायी झाडं तुटतात, त्यापेक्षा ही पिशवी लोक घडी करून खिशात ठेवतील आणि पुन्हापुन्हा वापरतील, असा त्याचा हिशोब. त्याच्या मुलानं नंतर सांगितलं, की बाबांच्या खिशात नेहमी एक घडी घातलेली पिशवी असायची.

इथेच थुलिन चुकला. गल्ल्याच्या पलीकडे माणूस काय करेल याचा त्यानं विचार केला. तुम्ही असला विचार करू नका. ग्राहकानं पैसे दिले, वस्तू पिशवीत पडली, तो वळला. तुमचा शोध तिथे संपला. तो वळल्यावर पुढे बघत बसलात तर झोप उडेल आणि माल महाग होईल.

कायद्याची भीती मुळीच बाळगू नका. मी नोकरीत असताना १९९९ मध्ये केंद्राचा नियम आला, पिशवी किमान २० मायक्रॉन जाडीची हवी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २०११ मध्ये ४० झाले, २०१६ मध्ये ५०. मी निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२०. हेतू असा, की जाड पिशवी माणूस फेकणार नाही. प्रत्येक वेळी आमचे शेठ दोन दिवस कपाळाला हात लावून बसायचे, तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात यायचं की माल किलोवर विकतो. पिशव्या तितक्याच लागणार, किलो जास्त लागणार. मग पेढे.

महाराष्ट्रानं तर २३ मार्च २०१८ ला हँडलवाल्या पिशव्यांवर सरसकट बंदीच घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. महिनाभर ठाण्यात इतक्या कापडी पिशव्या दिसल्या, की सगळं शहर रेशनला निघालंय असं वाटावं. आज जांभळी नाक्यावर जाऊन कोथिंबिरीची जुडी मागा. मावशी डावीकडे बघतील, उजवीकडे बघतील, बसायच्या गोणपाटाखाली हात घालतील, आणि दोन बोटांत चोळून एक पिशवी फुंकरीनं उघडतील. सोनार हिरा दाखवताना एवढी काळजी घेत नाही. आणि ज्यांना गोणपाटाचं टेन्शन नको, त्यांच्यासाठी नॉन-वोव्हन आहेच: दिसते कापडासारखी, असते पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची. धुतली की तिसऱ्या वेळेला पिंजते. हा मात्र खरा शोध! प्लास्टिक लपवायला प्लास्टिकच वापरायचं.

दुसरं सूत्र: बंद करणं तुमचं काम, उघडणं ग्राहकाचं. याचा वस्तुपाठ घ्यायचा तर कुठल्याही हॉटेलातून इडली पार्सल घ्या. सांबाराची पिशवी, गळ्याशी पीळ, त्यावर पांढरा दोरा. गल्ल्यावरचा पोरगा रिळातून दोरा ओढतो, गर्र गर्र सहा-सात वेढे, एक झटका, दोरा तुटतो. गाठ कुठे मारली हे त्यालाही माहीत नसतं, कारण त्यानं ती मारलेलीच नसते. तीन सेकंद. त्यानंतर घरी आमच्या मंडळींचं नख, मग सुरीचं टोक, मग माझे उरलेले दात, आणि शेवटी कात्री. सांबार सोफ्यावर. या विद्येला जगात कुठे पेटंट नाही, नाहीतर तो पोरगा आज हिरानंदानी इस्टेटमध्ये राहत असता.

तिसरं सूत्र थर लावायचं. एकच प्लास्टिक वापरलंत तर भंगारवाला ते उचलून नेईल, वितळवेल आणि त्याचा दाणा करून तुमच्याच शेजारच्या गाळ्याला विकेल. म्हणून वेफरच्या पाकिटासारखं करा: बाहेर छपाईची फिल्म, तिच्या पाठीवर मायक्रॉनपेक्षाही पातळ अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, आत सील होणारा थर. आत हवा नाही, ओल नाही, उजेड नाही. वेफर महिनोन्‌महिने कुरकुरीत. थर परत सुटे करणं परवडत नाही, ही त्यातली गंमत. पाठीवर बाणांचा त्रिकोण छापा. तो अमेरिकेत १९८८ मध्ये प्लास्टिकवाल्यांच्या संघटनेनंच काढला, आत प्लास्टिकची जात सांगणारे १ ते ७ आकडे. ७ म्हणजे ‘इतर’. घरचे लोक त्रिकोण बघून समाधानानं सुक्या कचऱ्यात टाकतात.

आमच्या सोसायटीत रविवारी येणारा भंगारवाला त्रिकोण बघत नाही. ताणकाटा खांद्याला, मुठीत पाकीट धरून एकदा चुरगाळतो. ‘कुरकुरतं ते नको, ताई.’ एवढंच. दुधाची पिशवी घेतो, बाटली घेतो, वेफरचं पाकीट परत हातात देतो. माझ्या मते त्याला कुठल्यातरी विद्यापीठानं डॉक्टरेट द्यावी. पण मग तो रविवारी यायचा नाही.

दुधाच्या पिशवीवरून आठवलं. त्याच २०१८ च्या फर्मानात रिकामी पिशवी परत केली की ५० पैसे, अशी सोय होती. मी हौसेनं दहा-बारा धुऊन, टाइल्सवर चिकटवून वाळवून नेल्या. दुकानदारानं मोजल्या आणि म्हणाला, ‘काका, सुट्टे नाहीत, गोळ्या घ्या.’ गोळ्या घेतल्या. प्रत्येक गोळीला दोन्ही बाजूंनी पिळलेला चकचकीत कागद, आणि तो कुरकुरत होता.

शेवटचा सल्ला छपाईचा. पिशवीवर काहीतरी गोड लिहा. आमच्याकडे गोखले रोडच्या एका साडीवाल्याची ऑर्डर असायची, पिवळी झबला, लाल अक्षरात ‘धन्यवाद! पुन्हा या’. शाई पोरांनी स्वस्तातली आणली तेव्हा मीच भांडून चांगली आणायला लावली होती. साडीला रंग लागला तर कोण भरणार? दुकान बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तिथे आता चष्मे मिळतात.

गेल्या माघात नातवाला ऐरोलीहून बोटीतून फ्लेमिंगो दाखवायला नेलं होतं. ओहोटी होती, पक्षी लांब, गुलाबी रेघेसारखे. पोराचं लक्ष भलतीकडेच. खारफुटीच्या मुळांत अडकलेलं काहीतरी तो बोट दाखवून अक्षर अक्षर वाचत होता. कडा विरलेल्या, एक कान तुटलेला, पण पिवळा ओळखू येत होता.

‘आबा, पु-न्हा या.’

बोटवाला म्हणाला, भरतीला जातात, ओहोटीला परत येतात. मी वाकून नीट बघितलं. लाल रंग अजून चांगला होता. शाई चांगलीच घ्या.