साक्ष द्यायला निघालात? भाकर बांधून न्या

परवा पुन्हा जिल्हा कोर्टात जाऊन आलो. धुऱ्याच्या भांडणात आमच्या शेजाऱ्याला जीवे मारलं, त्यात मी साक्षीदार. मिळाली पुढची तारीख. तेव्हा गावोगावच्या हौशी साक्षीदारांसाठी या सूचना, फुकट.

खून शक्यतो पाहूच नका. वावरात आरडाओरडा ऐकू आला तर मोटार सुरू करून ओलित करत राहा. (लाईन असेल तर.)

पाहिलाच, तर जमादार लिहितील तो आपला जबाब समजा.

कोर्टात अकराला हजर राहा. पुकारा होईल तेव्हा सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात असतील. ते आले तर आरोपीचे वकील आजारी. दोघंही आले तर साहेब रजेवर. बाकड्यावर बसा. दुसऱ्या टोकाला जामिनावर सुटलेला आरोपी असेल. तो चहा पाजेल, विचारेल, ‘‘पोरगा कोणत्या कॉलेजात आहे जी तुमचा? होस्टेलवरच राहते ना?’’ नम्रपणे उत्तर द्या. तो त्याच्या गाडीनं जाईल, तुम्ही यष्टीची वाट पाहा. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्येच सुप्रीम कोर्टानं मंजूर केली आहे. ठाण्यात जाऊन विचारा, त्यांच्याही ज्ञानात भर पडेल.

खैरलांजी आठवू नका. तिथल्या दलित घरातल्या सुरेखाबाई भोतमांगेंनी मारहाणीच्या गुन्ह्यातले आरोपी ओळखून दिले होते. ते जामिनावर सुटले आणि २९ सप्टेंबर २००६ ला बाई, पोरगी, दोन पोरं, चौघांनाही मारून कालव्यात फेकलं. भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये हायकोर्टानं तिची जन्मठेप केली. अॅट्रॉसिटी लागलीच नाही, कारण म्हणे हा सूड होता, जात नव्हती. सूड कशाचा? ओळखून दिल्याचा! बाईंचे नवरे भैयालाल २०१७ मध्ये गेले, तरी सुप्रीम कोर्टातलं अपील पडूनच होतं.

आणि निकालात लिहायचं, साक्षीदार फितूर झाले, सबब पुराव्याअभावी निर्दोष. अरे, फितूर झाले नाहीत ते, तुम्ही केले! वर्षानुवर्षं मजुरी बुडवून, त्या बाकड्यावर बसवून बसवून केले.

अन् तुम्ही काय वाचून राहिले? पानठेल्यावर ‘आपल्याले काय करायचं’ म्हणणारे तुम्हीच. आरोपीच्या घरच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसले होते, मी पाहिलं. आमच्या शेजाऱ्याच्या तेरवीला काहून नाही आले, तेवढं सांगा.